गाडी ऑटोमॅटिक, उतार मात्र मॅन्युअल

पुण्यातल्या कुठल्याही कॉलेज ग्रुपवर अलिबागचा प्लॅन ठरला की दोन प्रश्न हमखास येतात. गाडी कुणाची? आणि चालवणार कोण? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘बाबांची’ असतं. दुसऱ्यावर मात्र चर्चा रंगते. पाच जणांकडे लायसन्स असतं, त्यातले दोघंच खरोखर गाडी चालवतात आणि त्यातल्या एकाला क्लच दिसला की घाम फुटतो. मग कुणीतरी तोडगा काढतं, ‘अरे, ऑटोमॅटिक आहे. ‘डी’मध्ये टाकायची आणि निघायचं. कुणीही चालवेल!’

सिग्नल ते सिग्नल हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. चांदणी चौकात संध्याकाळी सात वाजता अडकलेल्या माणसाच्या डाव्या गुडघ्याला विचारा. सपाट हायवेवर तर आणखीच खरं. पण पुण्याहून समुद्राकडे कुठल्याही वाटेने जा, मध्ये सह्याद्री उतरावाच लागतो. बोरघाट, ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, नाव कुठलंही घ्या. गाडी चालवणं चढावर जेवढं कळतं, त्याच्या दुप्पट उतारावर कळतं. आणि उतारावर गिअरचं जे काम असतं, ते ‘डी’मध्ये टाकून आपोआप होईलच याची खात्री नसते.

म्हणजे ऑटोमॅटिक वाईट का? अजिबात नाही. ‘खरा ड्रायव्हर मॅन्युअलच चालवतो’ छापाची फुशारकी मला तरी पटत नाही, कारण घाटात गाडी न्यूट्रलला सोडणारे बहुतेक महाभाग मॅन्युअलवालेच असतात. त्यांच्याकडे येऊच. आधी गिअर नक्की करतो काय, ते बघू.

थोडं गणित, फिजिक्सवाल्यांनी हसू नये

गिअरची सायकल चालवली असेल तर अर्धं काम झालं. चढावर आपण मागची मोठी चकती घेतो. पाय भराभर फिरतात, चाक हळू फिरतं, पण जोर मिळतो. सपाटीवर छोटी चकती घेतली की पाय निवांत आणि सायकल सुसाट. गाडीत पायांच्या जागी इंजिन आहे, बाकी कथा तीच.

एक साधारण पेट्रोल हॅचबॅक धरू. तिचं चाक एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर पुढे जातं. ताशी १०० किलोमीटर वेगाला ते चाक मिनिटाला साधारण ८५५ वेळा फिरतं. चाक आणि इंजिन यांच्यामध्ये दोन ठिकाणी दात्यांची चाकं असतात. एक कायमचं गुणोत्तर, समजा ४.१, आणि दुसरं आपण टाकू त्या गिअरचं. पाचव्याचं ०.७५ धरलं तर गुणाकार येतो सुमारे २,६२५. म्हणजे शंभरच्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २,६२५ फेऱ्या मारतंय. मीटरवर काटा अडीच आणि तीनच्या मध्ये. निवांत. त्याच वेगाला तिसरा गिअर (१.२५) असेल तर इंजिन ४,३७५ वर. काचा बंद असल्या तरी आवाज ऐकू येईल.

आता वेग ६० वर आणा. पाचव्यात इंजिन १,५७५ वर, तिसऱ्यात पुन्हा २,६२५ वर आणि दुसऱ्यात (१.९) चार हजारांच्या आसपास. तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, सहा गिअरची गाडी असेल तर टॉपला इंजिन आणखी शांत असेल, पण चित्र हेच. वेग एकच, इंजिन मात्र तीन वेगवेगळ्या मूडमध्ये. त्यातला कुठला मूड कधी हवा, हे ठरवण्याला आपण गिअर बदलणं म्हणतो. मॅन्युअलमध्ये ते तुम्ही ठरवता. ऑटोमॅटिकमध्ये कॉम्प्युटर ठरवतो आणि त्याला बिचाऱ्याला पुढचं वळण दिसत नसतं.

ओव्हरटेक करताना नेमकं काय चुकतं?

एक्स्प्रेस वेवर ओव्हरटेकला फारसं डोकं लागत नाही, समोरून कुणी येत नाही. खरी परीक्षा दुपदरी रस्त्यावर. कोकणात किंवा साताऱ्याच्या आतल्या भागात जा. पुढे उसाचा नाहीतर चिऱ्याचा ट्रक, साठच्या वेगाने. तुम्ही त्याच्या मागे पाचव्या गिअरमध्ये, इंजिन १,५७५ वर. रस्ता मोकळा दिसला, अॅक्सिलरेटर दाबला आणि… काहीच नाही. गाडी हुं हुं करते, पण ओढत नाही. साध्या, टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनची खरी ताकद चार हजार फेऱ्यांच्या आसपास असते. दीड हजारावर ते अर्धवट झोपेत असतं.

याची किंमत मोजता येते. मागचं अंतर, ट्रकची लांबी, आपली लांबी आणि पुढे घ्यायचं अंतर मिळून ट्रकपेक्षा ४० मीटर जास्त कापायचे आहेत असं धरा. गाडी ८० पर्यंत गेली असेल तर ट्रकपेक्षा तुमचा वेग २० ने जास्त. काम साधारण सात सेकंदांत होतं आणि तेवढ्यात तुम्ही १६० मीटर जाता. समोरूनही कुणी ८० ने येत असेल तर तोही १६० मीटर येतो. म्हणजे ३२० मीटर मोकळा रस्ता हवा. पाचव्यातच ठेवून जेमतेम ७० गाठलं तर? चौदा सेकंदांहून जास्त वेळ आणि मोकळा रस्ता हवा ६०० मीटर. दुपदरी रस्त्यावर ६०० मीटर सरळ, मोकळा रस्ता किती वेळा दिसतो? ट्रकच्या मागे असतानाच तिसरा टाकून इंजिन जागं करायचं, त्याच गिअरमध्ये ट्रक पार करायचा, आपल्या लेनमध्ये आलं की मग चौथा, पाचवा. अर्ध्या ओव्हरटेकमध्ये गिअर बदलायला जाणं म्हणजे स्वतःहून अडचण मागवणं. क्लच दाबलेला असतो तेवढा वेळ गाडीला जोर शून्य.

ऑटोमॅटिकमध्ये हे काम पाय जोरात दाबून होतं. दाबला की गिअरबॉक्स समजतो, साहेबांना घाई आहे, आणि दोन गिअर खाली उतरतो. याला किकडाऊन म्हणतात. पण सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात, आणि शोरूममध्ये हे कुणी नीट सांगत नाही.

आपल्याकडे सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे एएमटी. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ हे घेऊन आली आणि बजेट गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक परवडायला लागली. हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी एक यंत्र करतं. त्यामुळे गिअर बदलताना तो क्षणभराचा ‘जोर शून्य’ इथेही येतो, आपली मान किंचित पुढेमागे होते. ओव्हरटेकच्या मधोमध तो क्षण आला की पोटात गोळा येतो. उपाय सोपा आहे. दांडा ‘एम’कडे ढकलून आधीच गिअर खाली घ्यायचा.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, भारदस्त प्रकार. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल फिरतं आणि त्यातून जोर पोहोचतो. झटका नाही, चढावर तापायची कटकट कमी. ड्युअल क्लचमध्ये एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल पापणी लवायच्या आत होतो. फक्त त्याने वरचा गिअर तयार ठेवलेला असताना तुम्ही अचानक खालचा मागितलात की त्याचाही गोंधळ उडतो. एएमटी आणि ड्युअल क्लच दोन्हींना एक गोष्ट मुळीच आवडत नाही : घाटातल्या जॅममध्ये चढावर नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं. क्लच घासत राहतो, तापतो. तिथे ब्रेक दाबून थांबायचं.

आणि चौथा सीव्हीटी. यात दात्यांचे गिअरच नसतात. दोन पुली आणि मध्ये पट्टा. पुलीची रुंदी बदलली की गुणोत्तर बदलतं, पायऱ्यांशिवाय. जोरात दाबला की आधी इंजिन ओरडतं, मग गाडी धावते, म्हणून याला ‘रबर बँड’ म्हणून चिडवतात. डीएएफ या डच कंपनीने १९५८ मध्ये अशी गाडी लोकांसमोर आणली. तिची गंमत म्हणजे ती रिव्हर्समध्येही पुढे जाते तितक्याच वेगाने पळायची आणि पुढे नेदरलँड्समध्ये लोक या गाड्यांच्या उलट्या शर्यती लावायचे! या पट्ट्याची आणखी एक ओळख शेवटी सांगतो. ती तुमच्या बऱ्यापैकी जवळची आहे.

आता उतार

लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. पाच जण बसलेली गाडी धरून वजन १,५०० किलो. बारावीचं सूत्र आठवा, वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची. उत्तर येतं सुमारे ७३ लाख ज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. काही हवेच्या विरोधात आणि टायरांच्या घर्षणात जिरते. उरलेली जर फक्त ब्रेकने खाल्ली, तर तिची उष्णता होते. किती? सगळी ७३ लाख ज्यूल पाण्यात घातली तर नळाचं २३ लिटर पाणी उकळायला लागेल. अंघोळीच्या बादलीपेक्षा जास्त! ४० टनांचा ट्रेलर असेल तर सव्वासहाशे लिटर. आता हीच उष्णता तळहाताएवढ्या ब्रेक पॅडवर आणि पातळ डिस्कवर आहे अशी कल्पना करा.

ब्रेक तापले की दोन गोष्टी होतात. पॅडची पकड कमी होते, तेवढंच थांबायला जास्त दाबावं लागतं. आणि मग ब्रेक ऑइल. डॉट ३ दर्जाचं नवं कोरं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल शिरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला तर दाब पुढे जातो, वाफ दाबली तर नुसती दबते. पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल’ या शब्दामागे अनेकदा एवढंच असतं. काही तुटलेलं नसतं, काही सुटलेलं नसतं. थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागतातही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला असं मेकॅनिक सांगतो तेव्हा तो उगाच बिल वाढवत नसतो.

ही उष्णता मुळात ब्रेककडे जाऊ द्यायची नसेल तर इंजिनलाच कामाला लावायचं. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गिअर खालचा असला, की आता इंजिन चाकाला फिरवत नाही, चाक इंजिनाला फिरवतं. पेट्रोल इंजिनमध्ये हवेची वाट जवळजवळ बंद झालेली असते, पिस्टनला निर्वाताविरुद्ध ओढावं लागतं. शिवाय आतलं घर्षण. हे सगळं ओझं चाकावर येतं आणि गाडी धरली जाते. याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात. गिअर जितका खालचा, तितकं हे धरणं घट्ट. वरच्याच आकड्यांत, साठच्या वेगाला पाचव्यात इंजिन १,५७५ वर रेंगाळतंय, तिसऱ्यात २,६२५ वर चांगलंच अडवतंय, आणि चाकापर्यंत पोहोचताना तो अडथळा गिअरमुळे पावणेदोन पट होतोय. उतार तीव्र असेल तर वेग आणखी कमी करून दुसरा. मोठ्या ट्रकमध्ये तर यासाठी एक्झॉस्ट ब्रेक नावाची वेगळी सोय असते. धुराची वाट अडवून इंजिनला आणखी जड करतात.

एसटीच्या जुन्या ड्रायव्हरकाकांना विचारलंत तर ते हे सगळं एका वाक्यात सांगतील, ‘ज्या गिअरमध्ये चढशील, त्याच गिअरमध्ये उतर.’ आताच्या गाड्यांची इंजिनं जास्त ताकदवान आहेत, कधी कधी चौथ्यातही घाट चढतात, तेव्हा नियम अक्षरशः घेऊ नका, एखादा गिअर खालचाच धरा. आणि तो उतार लागण्याआधी टाका. वेग हाताबाहेर गेल्यावर खालचा गिअर शोधायला गेलात तर क्लच दाबल्यादाबल्या गाडी आणखी सुटते.

रेल्वेने हा धडा कधीच शिकून ठेवलाय. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ ३७ मीटरला एक मीटर. वर जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं ढकलतात, हे आपण खिडकीतून बघितलेलं असतं. उतरणाऱ्या गाडीसाठी मात्र कॅच सायडिंग आहे. ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूच्या चढत्या रुळावर वळावी आणि तिथे थांबावी अशी ती सोय. पाहुण्यासाठी राखून ठेवलेल्या खोलीसारखी, पाहुणा कधीच येऊ नये अशी इच्छा धरून.

‘न्यूट्रलला टाक, पेट्रोल वाचेल’

हा सल्ला देणारा एक काका प्रत्येक कुटुंबात असतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गणित उलटं झालंय. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की कॉम्प्युटर इंधन बंद करतो. इंजिन चाकाच्या जोरावर फिरतच असतं, मग पेट्रोल कशाला? खर्च शून्य. न्यूट्रलला टाकलं की चाकाचा आधार तुटतो आणि इंजिन जिवंत ठेवायला पुन्हा थेंब थेंब इंधन सोडावं लागतं. खोटं वाटत असेल तर गाडीच्या स्क्रीनवर त्या क्षणाचं मायलेज दाखवणारा आकडा बघा. बऱ्याच गाड्यांत तो असतो. गिअरमध्ये उतरताना तो थेट कमाल आकड्याला जाऊन चिकटतो. म्हणजे न्यूट्रलवाला पैसेही घालवतो आणि इंजिन ब्रेकिंगही. काही जण त्याहून पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. तेव्हा ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत एक-दोनदा पेडल दाबेपर्यंत पुरते, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड. ट्रकमध्ये ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार नऱ्हे, आंबेगाव, वडगावला राहणाऱ्या प्रत्येक स्टुडंटला माहीत आहे. क्लासला जाताना रोज तिथूनच जायचं असतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने तिथे कितीतरी गाड्यांना ओळीने उडवलं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी तशीच सोडली होती, असं तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच उतारावर पुन्हा अपघात झाला. दोन कंटेनरच्या मध्ये एक कार सापडली, आग लागली, आठ जणांचा जीव गेला. या उताराची गंमत (नको तो शब्द, पण दुसरा सुचत नाही) अशी की तो घाटासारखा दिसतच नाही. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता. गाडी आपसूक पळते म्हणून ड्रायव्हरला वाटतं आपण सपाटीवर आहोत. खाली आलं की समोर थांबलेलं ट्रॅफिक. तिथून जाताना तुम्ही कारमध्ये असाल, तर आपला गिअर खाली ठेवाच, पण आरशात मागे काय येतंय याकडेही लक्ष असू द्या. ट्रकच्या पुढे घुसून लगेच ब्रेक मारणं हा तिथे स्वतःवर घेतलेला फार मोठा धोका आहे.

मग ‘डी’मध्ये काय होतं?

ऑटोमॅटिकचा कॉम्प्युटर मायलेजसाठी शिकवलेला असतो. पाय अॅक्सिलरेटरवरून निघाला, वेग वाढतोय, म्हणजे इंजिनवर ताण नाही, असा अर्थ काढून तो वरचा गिअर टाकतो. सपाटीवर हे शहाणपण. उतारावर नेमकं उलटं हवं असतं. काही नव्या गाड्यांना उतार कळतो आणि त्या गिअर धरून ठेवतात, पण तुमची गाडी त्यातली आहे का हे भरघाटात शोधायला जाऊ नका.

बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये गिअर धरून ठेवायची काही ना काही सोय असते. दांड्याशेजारी ‘एम’ आणि अधिक-उणे, कुठे ‘एस’, कुठे ‘एल’, कुठे नुसता ‘२’, कुठे स्टिअरिंगमागच्या पॅडल. निघायच्या आधी, गाडी पार्किंगमध्ये उभी असताना, गाडीबरोबर येणारं पुस्तक काढा (ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असतं, बाबांनी अजून उघडलेलं नसेल) आणि आपल्याकडे यातलं काय आहे ते बघा. घाट लागण्याआधी वेग कमी करा, ‘एम’ला घ्या, तिसरा धरा. वेग वाढतोय असं वाटलं तर ब्रेक ठामपणे दाबून वेग खाली आणा, दुसरा घ्या, ब्रेक सोडा. पेडलवर सतत हलका पाय ठेवून उतरणं सगळ्यात वाईट, कारण ब्रेकला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. इंजिनचा आवाज वाढेल, मागच्या सीटवरून कुणीतरी ‘गाडी का ओरडतेय?’ विचारेल. ओरडू दे. काटा लाल पट्ट्याच्या बऱ्यापैकी खाली असेल तर इंजिनला काही होत नाही. आणि चालत्या गाडीत दांडा ‘एन’ला न्यायचा नाही, कुठल्याही कारणासाठी.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे सगळं ऐकून गंमत वाटत असेल. त्यांच्याकडे बहुतेक वेळा एकच गिअर आणि उतरताना मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते. घाटासाठी याहून छान काही नाही. फक्त लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरून लगेच उतरायला लागलात तर वीज साठवायला जागाच नसते आणि मोटरचं ते धरणं कमी होतं. वर थोडी रिकामी ठेवा.

समृद्धीवर याच्या अगदी उलटा प्रश्न. ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला, सपाटीवर कारला १२० ची मर्यादा. पाचवा टाकला की इंजिन ३,१५० च्या आसपास, आणि तासन् तास काहीच करायचं नाही. शंभरवरून १२० वर गेलात की हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो, मायलेज का पडलं ते कळेल. तिथे मॅन्युअल काय, ऑटोमॅटिक काय, दोघांनाही झोपच येते. त्यावर गिअरचा उपाय नाही, दर दोन तासांनी चहाचा आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १५ व्या नियमात ड्रायव्हिंग टेस्टमध्ये उमेदवाराला काय काय जमलं पाहिजे याची यादी आहे. उतारावर झटपट खालचा गिअर टाकता येणं हे त्यात चक्क लिहिलेलं आहे. कारचं लायसन्स देताना आपल्याकडे मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक असा फरकही करत नाहीत. एकावर टेस्ट द्या, दोन्ही चालवा. तुमची टेस्ट आठवा. आठचा आकडा, रिव्हर्स, फार तर छोट्या चढावर थांबून पुन्हा निघणं. उतार होता का? ड्रायव्हिंग स्कूलच्या पंधरा-वीस दिवसांत कुणी घाटात नेलं होतं का? नसेल तर स्कूलच्या सरांनाच सांगा, ‘सर, एक दिवस कात्रजचा जुना घाट करूया.’ तासाभराचं काम आहे.

आणि आता तो पट्टा. तुमच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा चालवलेली गाडी ऑटोमॅटिकच होती. गिअरलेस स्कूटर म्हणजे सीव्हीटी, तीच पुली आणि तोच पट्टा. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने आपल्याकडे ही चटक लावली, त्याआधी चेतकवर डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही सांभाळावे लागायचे. एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे स्कूटरचा घाट म्हणजे सिंहगड, लवासा किंवा खंडाळ्याचा जुना रस्ता. स्कूटरचा क्लच इंजिनच्या वेगावर आपोआप जुळतो आणि सुटतो. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून ब्रेकने वेग फार खाली आणलात की क्लच सुटतो, आणि त्यानंतर गाडी पुन्हा वेग घेऊ लागली तरी इंजिन धरायला येत नाही. न्यूट्रलला टाकल्यासारखीच अवस्था, तुमच्या नकळत. मागे मित्र बसलेला, छोटे ड्रम ब्रेक, वळणामागून वळण. सिंहगडावरून उतरताना स्कूटर अशी मोकळी सुटल्यासारखी वाटली तर थ्रॉटल अगदी किंचित द्या आणि सोडा. क्लच जुळेल, इंजिनचा आवाज बदलेल, गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी जाणवेल. पुढचा आणि मागचा ब्रेक दोन्ही मिळून वापरा. करपल्याचा वास आला तर बाजूला थांबून दहा मिनिटं गाडी थंड होऊ द्या, आणि तोवर ड्रमला किंवा डिस्कला हात लावून बघायचा मोह टाळा.